मझल, क्रियापद

जनकगंजात संध्याकाळी पाच ते सात
माझी इंग्रजीची शिकवणी.
आठवी. तीन मुलं, एक सतरंजी
आणि नेमकी साडेपाचला जाणारी वीज.

आज धडा चौथा, शब्द सहावा : मझल.
म्हटलं, लिहा. नाम.
एक, जनावराचं नाक-तोंड.
दोन, त्याच तोंडावर बांधायची जाळी.
गौरांग खटावकर लगेच :
आमच्या ब्रूनोला आहे, चामड्याचं,
छत्री बाजारातनं आणलं, दोनशे ऐंशीला.
घालून घेताना तो आधी बाबांचा हात चाटतो.

"तीसरा भी है," अशफाक म्हणाला.
त्याचे अब्बा दौलतगंजात बंदुका दुरुस्त करतात,
लायसनवाल्या,
हे तो न विचारता सांगतो दर वेळी.
"नली का मुँह. जहाँ से गोली निकलती है.
अब्बा कहते हैं, ख़ाली हो तब भी सामने मत बैठो."

शब्दकोश उघडला. पोराचं खरं होतं.
तोंड, तोंडाचं कुलूप,
आणि जिच्यापुढे बाकीची तोंडं आपोआप मिटतात ती नळी,
साहेबानं एका शब्दात भागवलं.
काटकसरी लोक.

मराठीत सांगायचं तर मला डबऱ्याचं खळं आठवतं.
मामांचे बैल गव्हावर गोल गोल,
पायाखाली ढीगभर दाणे
आणि तोंडाला काथ्याचं मुसकं.
वाईट वाटून घेऊ नकोस, मामा म्हणायचे,
यात राग नाही, हिशेब आहे.
मुस्कट हा शब्दही तिथलाच असावा, खळ्याच्या आसपासचा.
बिचारा घराबाहेर पडतो तो
मारून घ्यायला, नाहीतर दाबून घ्यायला.
कुणी कुणाचं मुस्कट कुरवाळल्याचं
अजून तरी माझ्या वाचनात नाही.

मग क्रियापद. मझल, मझल्ड, मझल्ड.
वाक्यात उपयोग करा. पॅसिव्हमध्ये.

गौरांगनं कुत्रा घेतला.
अशफाकनं गौरांगचं उतरवून कुत्र्याचा बैल केला.
शाल्मली शेजवळ
(ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते)
इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात बराच वेळ लिहीत होती.
तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स.
मुदत संपलेल्या सलाइनविषयी काहीतरी बोलली, चारचौघांत,
आणि तिसऱ्या दिवशी बदली. श्योपूर.

माय मदर वॉज मझल्ड बाय,
आणि पुढे साहेबांचं नाव.
आडनावासकट, हुद्द्यासकट.
स्पेलिंग बिनचूक.

वही उद्या शाळेत जाणार.
तिथे तपासणाऱ्या बाईंचे यजमान
त्याच दवाखान्यात, स्टोअरला.
आणि पोरीची अजून दोन वर्षं त्याच शाळेत.
आणि माझ्याकडे मुलं पाठवतात त्याही त्याच बाई,
हे सगळ्यात शेवटी लिहिते आहे,
मनात मात्र सगळ्यात आधी आलं होतं.

लाल पेनाचं टोपण काढलं.
'बाय'पासून पूर्णविरामापर्यंत एक रेघ.
पट्टी न लावता सरळ. तीस वर्षांचा हात आहे.
म्हटलं, हे बघ, पॅसिव्हमध्ये
कर्ता नाही लिहिला तरी चालतं.
वाक्य पूर्ण होतं.

आणि होतंच. मी खोटं शिकवलं नाही.

वीज आली.
पंख्यानं वहीचं पान उलटायला घेतलं, तिनं तळहातानं दाबून धरलं.
पेन तसंच उघडं होतं माझ्या हातात,
अशफाक नकळत समोरून जरा बाजूला सरकला.

शाल्मलीनं रेघेवर बोट ठेवलं.
सबंध वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी,
घोगरा, थोडा मोठ्या माणसासारखा :

"समासात चूक लिहायची असते ना, मॅडम?
ही कुठली लिहू?
स्पेलिंगची, का ग्रामरची?"